घरी चालतो, मैदानात बंद पडतो: उन्हात तापणाऱ्या रेकॉर्डरचं निदान आणि उपाय

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. घरी आवाजाचा रेकॉर्डर चार-चार तास लावून पाहिला, काही झालं नाही. उघड्यावरच्या कार्यक्रमात मात्र पहिला तास उलटायच्या आत तो हाताला चटका बसेल इतका तापला, पडदा काळा पडला किंवा यंत्र गपकन बंद झालं. दुरुस्तीला दिलं तर "दोष आढळला नाही" असा शेरा घेऊन परत आलं. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या बाबतीत हे लागोपाठ तीनदा झालं. पहिल्यांदा मी सेल बदलले, दुसऱ्यांदा कार्ड नवं घेतलं, तिसऱ्यांदा फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करून गेलो. त्या तिसऱ्या कार्यक्रमात दुपारी साडेतीनच्या सुमारास स्पीकरच्या मनोऱ्याची सावली सरकत आमच्या टेबलावर आली आणि अर्ध्या तासात रेकॉर्डर हाताला नुसता कोमट लागायला लागला. माइक तेच, सेटिंग तेच, सेल तेच. तीन कार्यक्रम मी दोष यंत्राच्या पोटात शोधत होतो आणि तो होता यंत्राच्या डोक्यावर.

आधी थोडं गणित

हे गणित एकदा समजून घेतलं की पुढचे बरेच उपाय आपोआप सुचतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भर दुपारी, स्वच्छ आकाश असताना, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. रेकॉर्डरची वरची बाजू २० बाय १० सेंटीमीटर धरली तर तिच्या वाट्याला २० वॅट येतात. रेकॉर्डर बहुतेक काळेच असतात, आणि काळा रंग त्यातले १८ वॅट तरी पिऊन टाकतो. आता यंत्र स्वतः किती वीज खातं ते बघा. हातात मावणारा दोन माइकचा रेकॉर्डर एखाद-दोन वॅट. फँटमवर (म्हणजे रेकॉर्डरकडूनच माइकच्या केबलमधून मिळणाऱ्या विजेवर) चालणारे चार माइक लावलेला मोठा रेकॉर्डर चार-पाच वॅट, फार तर दहा. म्हणजे आपण ज्या 'आतल्या' उष्णतेच्या मागे लागतो, तिच्या कितीतरी पट उष्णता ऊन बाहेरून ओतत असतं.

ही उष्णता बाहेर कशी जाते? वारा नसेल तर पाच सेंटीमीटर उंचीचा असा डबा भोवतालच्या हवेपेक्षा एक अंश जास्त गरम झाल्यावर जेमतेम ०.७ वॅट बाहेर टाकतो. यंत्र ४ वॅट खात असेल तर सावलीत ते हवेपेक्षा सहाएक अंशांनी गरम होईल आणि तिथेच थांबेल. उन्हात तेच यंत्र १८ अधिक ४, म्हणजे २२ वॅट बाहेर टाकायला बघतं आणि त्यासाठी त्याला हवेपेक्षा सुमारे ३१ अंश वर चढावं लागतं. हवा ३४ अंश असेल तर यंत्राचं अंग ६५ अंशांच्या आसपास जातं. हा ढोबळ हिशोब आहे, पण उन्हात ठेवलेल्या रेकॉर्डरला हात लावून बघितलेल्या कुणालाही तो पटेल.

पुस्तिकेत 'कमाल ४० अंश' असं लिहिलेलं असतं, त्यावरूनही गैरसमज होतो. हवा आज ३६ आहे, म्हणजे आपण मर्यादेत आहोत, असं वाटतं. पण तो आकडा भोवतालच्या हवेचा असतो, आणि थेट ऊन लागू देऊ नका असं त्याच पुस्तिकेत दोन पानं आधी बजावलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

अजून एक आकडा निदानाला फार कामी येतो. अर्धा किलोचा रेकॉर्डर २२ वॅट घेऊ लागला की सुरुवातीला वीस-पंचवीस सेकंदांना एक अंश या वेगाने चढतो आणि साधारण अर्ध्या तासात वरच्या टोकाला पोचतो. ऊन तेवढंच राहिलं तर त्यानंतर तो फारसा वाढत नाही. घरच्या चाचणीत काहीच का दिसत नाही, याचं उत्तरही यातच आहे: घरात चार तास काय, चाळीस तास चालवला तरी ते १८ वॅट येणार कुठून?

तापण्यामुळेच बंद पडतो, हे कशावरून?

गरम यंत्र बंद पडलं म्हणजे गरम झाल्यामुळे बंद पडलं, असं आपण धरून चालतो. उन्हात सगळंच गरम असतं, त्यामुळे उष्णतेवर आळ घेणं सोपं जातं. म्हणून दोन-तीन कार्यक्रमांत फक्त एवढं टिपून ठेवा: रेकॉर्डिंग सुरू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, यंत्रावर ऊन होतं की सावली, आणि वीज कुठून येत होती.

प्रत्येक वेळी अगदी त्याच मिनिटाला थांबत असेल तर उष्णतेला सोडून द्या आणि फाइलचा आकार मोजा. साध्या वेव्ह फाइलला आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या कार्डालाही एका फाइलमागे ४ जीबीची मर्यादा असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आठ ट्रॅक एकाच फाइलमध्ये घेतले तर ही मर्यादा सुमारे ६२ मिनिटांत भरते. दोनच ट्रॅक असतील तर चार तासांहून थोडा जास्त वेळ मिळतो. बहुतेक रेकॉर्डर तिथे स्वतःहून नवी फाइल उघडतात, पण कार्ड सुस्त किंवा जुनं असेल तर नेमका तोच क्षण अडखळण्याचा असतो. 'तासाभरात तापून बंद पडतो' या तक्रारीमागे हे ६२ मिनिटांचं प्रकरण मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

पॉवर बँकवर चालवताना सुरू केल्यावर मिनिटभरातच वीज जात असेल तर तोही उष्णतेचा प्रकार नाही. छोटा रेकॉर्डर इतका कमी प्रवाह ओढतो की पॉवर बँकला वाटतं फोन भरून झाला, आणि ती स्वतःला बंद करून घेते. काही पॉवर बँकांत कमी भारासाठी वेगळा मोड असतो, तो चालू करा किंवा दुसरी पॉवर बँक आणा.

फँटम चालू केल्या केल्या यंत्र मरत असेल तर केबल बघा. लांब आणि बारीक यूएसबी केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतं. २८ गेजच्या तारेची दोन मीटरची केबल असेल आणि प्रवाह १ अँपिअर असेल, तर जाऊन-येऊन जवळपास ०.८५ व्होल्ट केबलच खाते. निघाले ५, पोचले ४.१५. एवढ्यावर रेकॉर्डर कधी चालतो, कधी नाही. आखूड आणि जाड तारेची केबल हा यावरचा पूर्ण उपाय आहे.

पडदा काळा पडणं हा प्रकार मात्र खरोखर उष्णतेचा आहे, पण दिसतो तेवढा घातक नाही. एलसीडीतलं द्रव एका तापमानाच्या वर गेलं की आपले गुण विसरतं आणि पडदा काळवंडतो. थंड झाल्यावर पूर्ववत होतो. रेकॉर्डिंग आत व्यवस्थित चालू असतं. एकदा घाबरून मी पॉवरचं बटण दाबलं आणि चांगल्या चाललेल्या फाइलचा गळा स्वतःच्या हाताने आवळला. तेव्हापासून आधी लाल दिवा आणि हेडफोन, मगच बटणाला हात.

कार्डावर लिहिताना चूक झाल्याचा संदेश येत असेल तर त्याचा उष्णतेशी संबंध क्वचितच असतो. एसडी कार्डं ८५ अंशांपर्यंत चालतील अशीच बनवलेली असतात. वेगही सहसा अडत नाही, कारण ९६ किलोहर्ट्झचे आठ ट्रॅकसुद्धा सेकंदाला अडीच एमबीच्या आत बसतात. जुनं, अर्धवट भरलेलं, कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलेलं कार्ड हे नेहमीचे संशयित. रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा.

आणि 'गरम झाल्यावर खरखर वाढते' ही तक्रार. प्रीअँपचा (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचा) मूळ सूंसूं आवाज तापमानाने वाढतो खरा, पण २५ वरून ५५ अंशांवर गेल्यावर जेमतेम ०.४ डेसिबलने. तो कानाला कळणार नाही. तडतड ऐकू येत असेल तर माइकच्या कॅप्सूलमधला दमटपणा किंवा सैल जोडणी शोधा.

तापमान मोजायला लेझर दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर यंत्राच्या चकचकीत धातूवर तो धरू नका. तिथे तो खूपच कमी दाखवतो. काळ्या मॅट चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि त्यावर मोजा. हाताच्या स्पर्शावरही फार विसंबू नका. ५० अंशांचा धातू असह्य वाटतो, आणि तितकंच गरम प्लास्टिक आपण आरामात हातात धरून ठेवतो.

सावली, पण कशी

बहुतेक जण रेकॉर्डरवर काहीतरी पांघरतात. रुमाल, जॅकेट, पावसासाठी आणलेलं प्लास्टिक. यात ऊन अडतं, पण हवाही अडते. पारदर्शक प्लास्टिक तर सगळ्यात वाईट. प्रकाश आत येऊ देतं आणि गरम हवेला कोंडून ठेवतं. काळ्या बॅगेत सगळ्या चेन लावून ठेवलेला रेकॉर्डरही याच जातीचा.

हवं ते असं: ऊन अडवणारा पृष्ठभाग वेगळा, रेकॉर्डर वेगळा, आणि दोघांमध्ये निदान चार-पाच बोटांची मोकळी हवा. मी पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा माइक स्टँडच्या आडव्या दांडीला क्लिपने लावतो. पुठ्ठ्याच्या वरच्या बाजूला अॅल्युमिनियम फॉइल चिकटवलं तर आणखी बरं, पण फॉइल थेट यंत्राला गुंडाळू नका. पांढरं कापडच असेल तर दुहेरी घडी करून ताणून बांधा, कारण पातळ एकेरी कापडातून बरंच ऊन झिरपतं.

सावली सरकते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच विसरतात. सूर्य तासाला १५ अंश फिरतो. साउंडचेकच्या वेळी छान सावलीत असलेलं टेबल मुख्य कार्यक्रमाला भर उन्हात येतं, आणि तेव्हा तुम्ही जागेवरून हलू शकत नाही. म्हणून टेबल मांडताना आत्ताची सावली बघू नका. कार्यक्रमाच्या मधल्या तासाला सूर्य कुठे असेल ते बघा आणि पुठ्ठा त्या बाजूला लावायची सोय ठेवा.

सावली मिळणारच नसेल तर यंत्राची कूस बदला. सूर्य डोक्यावर असताना आडवा ठेवलेला रेकॉर्डर आपली सगळ्यात मोठी बाजू उन्हाला देतो. तोच कडेवर उभा केला, पाच सेंटीमीटरची बाजू वर आणली, तर ऊन निम्मंच लागतं. फुकटचा उपाय आहे आणि लगेच जाणवतो. अंगावरच माइक असलेल्या रेकॉर्डरला अर्थात हे चालत नाही, कारण माइकची दिशाच बदलते.

खालची बाजूही मोकळी हवी. गडद टेबलक्लॉथ, ताडपत्री किंवा रंगमंचाची काळी फळी स्वतःच तापलेली असते. बाटलीची चार झाकणं पायांसारखी खाली ठेवली तरी खालून हवा खेळते. अॅम्प्लिफायरच्या रॅकवर तर रेकॉर्डर कधीच ठेवू नका. जागा सपाट असते, मोह होतो, आणि रॅकचे पंखे गरम हवा थेट त्याच्या अंगावर सोडतात. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) आणि दिव्यांच्या स्टँडचंही तेच.

वारा किती फरक पाडतो ते वरच्या गणितातच दिसतं. हलकी झुळूक असेल तरी उष्णता बाहेर जाण्याचा वेग सहज दुप्पट होतो, म्हणजे ३१ अंशांची चढण पंधरा-सोळावर येते. छोटा यूएसबी पंखा हेच काम करतो. बाहेरचे माइक वापरत असाल तरच तो लावा, आणि रेकॉर्डरच्या पॉवर बँकवर लावू नका, कारण मोटरची घरघर विजेच्या वाटेने रेकॉर्डिंगमध्ये शिरू शकते.

बर्फाच्या पिशव्या, फ्रीजमधून काढलेले जेल पॅक हे प्रकार टाळा. यंत्राचं अंग हवेच्या दवबिंदूखाली गेलं की आत-बाहेर पाणी धरतं. उष्णतेने बंद पडलेलं यंत्र थंड झाल्यावर चालतं, पण आत पाणी गेलेल्या यंत्राची खात्री कुणी देत नाही.

आणि सुरुवातच गरम नको. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ठेवलेला रेकॉर्डर कार्यक्रमाआधीच साठीच्या घरात गेलेला असतो. त्याला सावलीत आणून अर्धा तास द्या.

यंत्राच्या आतली उष्णता

सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो आकडा) कमी करा, ३२ बिट फ्लोट हा जास्त तपशिलाचा रेकॉर्डिंग प्रकार बंद करा, ब्लूटूथ बंद करा, पडद्याचा उजेड कमी करा, असे सल्ले सगळीकडे मिळतात. चूक नाहीत, पण हे सगळं मिळून अर्धा-एक वॅट वाचतो, समोर १८ वॅट उभे असताना. सेल जास्त टिकावेत म्हणून हे जरूर करा. तापणं थांबेल या आशेने नको. आवाजाच्या दर्जाशी तडजोड तर मुळीच नको.

दोन गोष्टी मात्र आतल्या असूनही खऱ्या अर्थाने मोठ्या आहेत. पहिली, चार्जिंग. अंगभूत बॅटरी असलेला रेकॉर्डर यूएसबीला जोडला की तो चालतोही आणि बॅटरीही भरत बसतो, आणि भरणारी बॅटरी आतून उष्णता देते. शिवाय लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर भरायची नसते, म्हणून संरक्षण सर्किट भरणं थांबवतं. मग 'केबल लावलेली असूनही बॅटरी उतरत गेली' असं दिसतं आणि आपण केबलला शिव्या देतो. आदल्या रात्री पूर्ण भरून आणा, म्हणजे मैदानात भरायला काही उरत नाही. पॉवर बँकही टेबलाखाली सावलीत ठेवा, रेकॉर्डरच्या पोटाला बांधू नका.

दुसरी, फँटम. माइकला ४८ व्होल्ट ६.८ किलोओमच्या दोन रोधकांतून जातात. चांगला कंडेन्सर माइक २ ते ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे माइकमागे पाव वॅटच्या आत, वर ४८ व्होल्ट तयार करणाऱ्या सर्किटचा तोटा. हे ठीक आहे. पण एखाद्या केबलमध्ये दोन्ही सिग्नल तारा जमिनीच्या तारेला टेकलेल्या असतील तर त्या रोधकांत ०.६८ वॅट जळत राहतात, तोही यंत्राच्या आत. म्हणून ज्या इनपुटला फँटम लागत नाही तिथे बंद ठेवा आणि केबल तपासून आणा.

सेलवर चालवत असाल तर साधे अल्कलाइन सेल मोठ्या भाराखाली स्वतःच तापतात आणि त्यांचं व्होल्टेज कोसळतं. निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल हा भार सहज पेलतात. मेनूत सेलचा प्रकार बदलायला विसरू नका. तिथे अल्कलाइन निवडलेलं राहिलं तर १.२ व्होल्टचा भरलेला सेल यंत्राला अर्धा संपलेला वाटतो.

कार्यक्रम चालू असताना तापला तर

रेकॉर्डिंग बंद करू नका. आधी ऊन अडवा, कुणाला पुठ्ठा हातात धरून उभं करावं लागलं तरी चालेल. मग बॅगेच्या चेन उघडा, यंत्र उचलून मोकळ्यावर घ्या, यूएसबी चार्जिंगची निवड मेनूत असेल तर बंद करा. पाच-सात मिनिटांत हाताला फरक कळतो. दोन गाण्यांमधल्या टाळ्यांत फाइल थांबवून लगेच नवी सुरू करा, म्हणजे पुढे काही झालं तरी आधीचं सुरक्षित राहील.

तरीही वीज गेलीच, तर कार्ड काढून घाईने कॉम्प्युटरला लावू नका. फाइलच्या सुरुवातीला तिची लांबी लिहायची राहून गेलेली असते, म्हणून ती शून्य सेकंदांची दिसते. आवाज बहुधा कार्डावर शाबूत असतो. त्या कार्डावर नवं काही रेकॉर्ड करू नका. कार्ड त्याच रेकॉर्डरमध्ये ठेवून तो सुरू करा. काही यंत्रं अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करून घेतात. नाही केली तर कार्डाची प्रत काढा आणि प्रतीवर काम करा. फाइल शून्य बाइटची नसेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रॉ डेटा' म्हणून आयात करता येते: २४ बिट, लिटल-एंडियन, चॅनेलची खरी संख्या, खरा सॅम्पल रेट. नुसता कर्कश गोंगाट ऐकू आला तर सुरुवातीचा ऑफसेट (फाइल कुठून वाचायला घ्यायची ती जागा) एकेका बाइटने पुढे सरकवा. २४ बिटमध्ये तीन प्रयत्नांच्या आत आवाज सुटतो, चॅनेल मात्र कधी कधी आलटून-पालटून येतात.

सावलीतही तापतो?

मग वरचं सगळं बाजूला ठेवा. सगळे माइक आणि केबल काढा, फँटम बंद करा, सेल काढून बाहेरच्या विजेवर अर्धा तास चालवा. आता थंड राहिला तर एकेक गोष्ट परत जोडत जा; कुठल्या तरी एका केबलवर किंवा सेलवर तो पुन्हा तापेल. काहीच न जोडता, सावलीत, हवेपेक्षा पंधरा-वीस अंश वर जात असेल तर दोष खरोखर आत आहे, आणि दुरुस्तीला देताना हे मोजमाप लिहून द्या, म्हणजे तोच जुना शेरा परत मिळणार नाही. बॅटरीचं झाकण नीट बसत नसेल किंवा बॅटरी फुगलेली वाटत असेल तर तपासणीही नको. ती भरू नका, दाबू नका, बाहेर काढून पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.